निजल्या घराची ओवी

वर्ध्याहून निघाल्यापासून द्वारकेच्या कानात लग्नघर वाजत होते. अंगणात मांडव, मांडवाखाली जाते, जात्याला बांधलेला आंब्याचा डहाळा, एका खुंट्यावर चार-चार हात, आणि एकीच्या तोंडातली ओवी दुसरीने उचलून तिसरीच्या पदरात टाकावी तशी चाललेली गाणी. चाळीसगावला रेल्वेतून उतरून मोटारीत बसताना आणि कन्नडचा घाट चढताना ती हेच ऐकत होती. पोलीस ॲक्शनच्या वर्षी, नऊ वर्षांची असताना, ती हा घाट बैलगाडीतून उतरली होती. आता ती वीस वर्षांची होती, अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे पातळ होते, आणि पिशोरच्या पुढच्या आपल्या गावात मुलींची शाळा काढायची हे तिने पक्के केले होते. चुलतबहीण साळूचे लग्न हे निमित्त होते.

आणि घरी येऊन पाहते तर काय? मांडव होता. बायकाही होत्या. लाडवांसाठी हरभऱ्याची डाळ दळायचे काम चालले होते. पण जाते घरचे नव्हते, शेजारच्या लक्ष्मीबाईंकडून उसने आणलेले होते. आणि एकीच्याही तोंडातून सूर निघत नव्हता. दगडावर दगड घासल्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मयताच्या घरीसुद्धा बायका याहून मोकळ्या असतात, असे द्वारकेला वाटले.

"ही कोण गं? धाकल्या भाऊसाहेबांची द्वारका?" लक्ष्मीबाईंनी कपाळावर हात धरून तिला न्याहाळले. "अगं माय! एवढी शिकवली पोरीला आन् नेसवलं गोणपाट!"

"खादी आहे ती, मावशी. सूत माझ्या हातचं आहे."

"मंग नवरदेवालाबी कातायला बशीव, बाई. नायतर दोघं उघडे फिराल!"

बायका खळखळून हसल्या. आणि चुलीवरचे दूध खाली उतरवावे तसे ते हसू एकदम खाली बसले. सगळ्यांनी सरूकाकीकडे पाहिले. तात्यासाहेबांची बायको, द्वारकेची थोरली चुलती, मान खाली घालून डाळीचे घास टाकत राहिली.

द्वारकेला हे सहन होईना. तिची आई लवकर गेली होती. तिला आवडा आत्याने वाढवले होते. लहानपणीच कुंकू पुसून माहेरी परतलेली आत्या जात्यावर बसली की गळ्यातून दाण्यांसारख्या ओव्या सांडायच्या. त्यातली एक द्वारकेने वसतिगृहात तापाच्या रात्री म्हटली होती, चरख्यावर म्हटली होती, बाप गेल्याची तार आली तेव्हाही म्हटली होती. ती खाली बसली, खुंट्याला हात लावला आणि मोकळ्या आवाजात उचलले,

"पहाटच्या पारी, जातं घुमतं..."

सरूकाकीचा पिठाचा हात तिच्या तोंडावर बसला. गच्च. द्वारकेच्या ओठांना कच्च्या बेसनाची चव लागली.

"या घरात नगं," काकी म्हणाली.

पण द्वारकेच्या लक्षात राहिले ते वेगळेच. बायकांपैकी कुणीच तिच्याकडे पाहत नव्हते. सगळ्या जणी माजघराच्या दाराकडे पाहत होत्या. कान देऊन. थोडा वेळ गेला. मागच्या गोठ्यात म्हशीने शेपटी आपटली. मग लक्ष्मीबाईंनी श्वास सोडला.

"अर्धीच ऱ्हायली. देवाची किरपा."

दिवेलागणीला तात्यासाहेब सोप्यात सुपारी कातरत बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला तसबीर होती. गळ्यात हार, खांद्यावर शाल. निजामाच्या अमलात रझाकारांच्या डोळ्यांत धूळ फेकून त्यांनी अख्खे कुटुंब घाटाखाली सुखरूप नेले, म्हणून गावाने केलेल्या सत्काराची तसबीर.

"तात्या, उद्या हळद दळायच्या आधी मूळ धाडायचं ना? त्यात आवडा आत्याचं नाव पहिलं घेऊ."

त्या गावची रीतच होती. हळदीच्या जात्यावर पहिल्या ओव्या जिवंत माणसांच्या नसत. घरातून गेलेल्या एकेकाचे नाव गाऊन त्याला लग्नाला बोलवायचे. त्याला मूळ धाडणे म्हणत.

"आपल्या घरात गानं म्हनत नाय. नावं नुसती बोलायची."

"मग नुसतं बोलू."

"पटकीनं गेलेलीचं नाव लग्नात घेत नसत्यात."

"आजोबापण पटकीनंच गेले. त्यांचं घेता."

अडकित्ता थांबला. "वर्ध्याला मोठ्यांना उलट बोलायला शिकिवत्यात व्हय?"

"खरं बोलायला शिकवतात. ते कुणाकुणाला उलटं लागतं."

तात्यासाहेबांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. मग अगदी सावकाश म्हणाले, "शाळेला वेशीपाशी जागा देतो म्हनलो होतो. उद्या मांडवात एक सूर काढलास, तर ती जागा इसर. आन् तुझी वळकटी मी सोता मोटारीवर टाकीन. चुलता हाय म्हनून सांगतो, वैरी म्हनून नाय."

द्वारका उठली. शाळेची जागा एका पारड्यात आणि आत्याचे नाव दुसऱ्यात. असा सौदा आपल्यापुढे कुणी ठेवेल, तोही आपल्याच घरात, हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

ती साळूबरोबर माळवदावर निजली. चांदणे होते. नवरी मुलगी कुशीवरून कुशीवर होत होती.

"अक्का, उद्या म्हनू नगं गं ती ओवी."

"तूही घाबरतेस?"

साळू उठून बसली. "मी ल्हान होते. ॲक्शननंतर परत आलो त्याच्या म्होरल्या साली. माजघरात बाहुलीला म्हनत होते. एक ओळ मी म्हनली..."

"मग?"

"दुसरी मी नाय म्हनली, अक्का."

द्वारका हसली नाही. पण तिच्या मनात भीतीपेक्षा रागच मोठा होता. अंधश्रद्धा, तिने स्वतःला सांगितले. एका गरीब विधवेचे नाव पुसायला रचलेले थोतांड. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी तिला जाग आली, ती कंदील घेऊन खाली उतरली आणि माजघरामागच्या बंद खोलीपुढे जाऊन बसली. ती दळणाची खोली होती. दाराला कुलूप, कुलपाला गंज, आणि उंबऱ्याच्या फटीत जुन्या चिंध्या कोंबलेल्या, जशा थंडीत वारा येऊ नये म्हणून कोंबतात.

वारा बाहेरून आत जातो. या चिंध्या मात्र बाहेरच्या बाजूने, खोलीतले काही बाहेर येऊ नये अशा कोंबल्या होत्या.

द्वारकेने कंदिलाची वात वर केली आणि स्वच्छ आवाजात पहिली ओळ पुरी म्हटली.

"पहाटच्या पारी, जातं घुमतं घरात..."

ती थांबली. गोठ्यातले रवंथ थांबले होते. माळवदाच्या मातीतून रात्रभर कुरकुरणारा किडा थांबला होता. आधी वास आला. ताज्या दळलेल्या बाजरीचा, गरम, गोडसर वास. मग तळव्यांना कळले. जमीन हलकेच थरथरत होती, खाली कुठेतरी जड काहीतरी गोल फिरत असल्यासारखी. आणि मग, दाराच्या पलीकडून, घाई नसलेल्या आवाजात,

"थोरले बंधू माझे... निजले सोप्यात."

द्वारकेने कान दाराला लावला. आवाज अनोळखी असता तर ती ओरडली असती. ओळीच्या मध्ये श्वास घ्यायची ती लकब, शेवटच्या अक्षरावर दिलेला तो हलका हेलकावा. तिला या आवाजाने वाढवले होते.

"पहाटच्या पारी, जातं घुमतं साजणी,
भावजय सरू माझी... निजली अंगणी."

जाते फिरत होते. घास पडल्याचा किंचित खुळखुळाट आणि पुन्हा घरघर.

"पहाटच्या पारी, जातं घुमतं खुशीत,
भाची माझी द्वारका... निजली कुशीत."

हीच ती, तिच्या नावाची ओवी. तापात, चरख्यावर, बापाच्या तारेवर म्हटलेली. तिला वाटे, आत्या आपल्याला कुशीत घेऊन ती म्हणायची. आता दाराला टेकून बसल्याबसल्या तिला पहिल्यांदा आठवले की ती ऐकताना आपल्या पाठीला कडबा टोचत होता. आपण कुशीत नव्हतो. गाडीत होतो. चाकांच्या आसांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. बैलांच्या गळ्यात घुंगरे नव्हती. बापाचा हात आपल्या तोंडावर होता, गच्च. आणि गाडी जसजशी लांब जात होती, तसतशी मागच्या अंधारात ती ओवी बारीक होत गेली होती. सगळे निजले आहेत असे ती गावाला सांगत होती, आणि घरात कुणीही नव्हते.

"तुला सांगितलं होतं, नगं म्हनू..."

मागे सरूकाकी उभी होती. हातात चिमणी.

"काकी... आत्या पटकीनं गेली नाही."

काकी भिंतीला धरून खाली बसली. दारापलीकडची घरघर चालूच होती, आणि ती त्या घरघरीखाली बोलल्यासारखी बोलू लागली.

"समोर चावडीत रझाकारांचं ठाणं हुतं. रोज पहाटं जातं वाजलं की त्यांना कळायचं, घर जागच्या जागी हाय. ज्या घराचं जातं थांबलं, त्या घराच्या मागं घोडी सुटायची... म्हनून ठरलं, गाडी निघंल तवा जातं चालू पायजे. आमी दोघी समोरासमोर बसलो हुतो, मी आन् वन्सं. वन्सं म्हनल्या, सरू, ऊठ, तुझी लेकरं हायती. मी घास टाकल्याला... तो जात्याच्या तोंडात तसाच ठिवून उठले. घास तोंडात ठिवून जात्यावरनं उठू नये म्हनत्यात. मी उठले."

"आणि तिला कोण आणणार होतं?"

"फकिरा. आपला गडी. उजाडायच्या आत घोड्यावर माघारी येनार, थांब म्हननार, आन् मागल्या दारानं घिऊन जानार. तवर थांबायचं नाय, असं यांनी बजावल्यालं."

"आला फकिरा?"

"घाटात उतारावर गाडी धरायला मानूस पायजे हुता... यांनी त्याला सोडला नाय."

द्वारकेच्या बापाने मरेपर्यंत चाळीसगाव सोडले नव्हते, घाट चढून तो एकदाही वर आला नव्हता. का, ते आता तिला कळले.

"ॲक्शन झाली, आमी आलो," काकी म्हणाली. "या खोलीला आतून कडी. फोडलं दार. पीठ हुतं... गुडघ्याइतकं पीठ. कनगी रिकामी. सालभराची बाजरी, सगळी दळून झाल्याली. आन् वन्सं नाय. कुटंच नाय."

"शोधलं नाहीत?"

"दुसऱ्या दिशी यांचा सत्कार हुता."

काकीने कमरेची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. "तिला कुनी थांब म्हनलंच नाय, पोरी. माझी जीभ उचलत नाय. तुझं ऐकंल ती. आत जा, थांब म्हन... म्हंजे ती बी सुटंल, आमी बी सुटू."

कुलूप उघडताना कडेकडेने गंज गळला. दार ढकलले आणि घरघर थांबली. कंदिलाच्या उजेडात पीठ तरंगत होते, आताच कुणी सूप झटकल्यासारखे. मधोमध जाते. खुंटा दारातून येणाऱ्याच्या बाजूला वळलेला, जणू समोर कुणी येऊन बसावे म्हणून. द्वारका बसली. तिने जात्याच्या तोंडात बोट घातले. आत दाणे होते, किडून भुसा झालेले, अकरा वर्षांचे. तिने ते सगळे कोरून काढले, तोंड पदराने पुसून लख्ख केले आणि खुंट्याला हात लावला.

खुंटा गरम होता.

समोरच्या अंधारातून, हातभर अंतरावरून, अगदी हलक्या आवाजात आले,

"पहाटच्या पारी, जातं घुमतं दारात,
कोण ग आलं माझ्या... निजल्या घरात?"

'थांब' हा शब्द द्वारकेच्या जिभेवर आला होता. दोन अक्षरे होती. म्हटले की झाले. दार लावायचे, मांडवात हळद मुक्याने दळायची, वेशीपाशी शाळा बांधायची, तसबीर भिंतीवर राहू द्यायची. मागे काकी रडत होती, "म्हन... म्हन गं एकदाचं..."

आणि तिला ओठांवर बेसन लागले. आणि त्याखाली, त्याहून जुनी, बापाच्या हाताची घामट खारी चव. या घराला एवढे एकच येत होते. तोंडावर हात ठेवणे. गरज होती तेव्हा आत्याला गा म्हटले, आता नको झाली तर थांब म्हणायचे. तेही तिच्याच लाडक्या भाचीच्या तोंडून.

द्वारकेने तो शब्द गिळला. दोन्ही हातांनी खुंटा धरला, जाते ओढले आणि अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढला. सोप्यात निजलेल्याला ऐकू जावे, माळवदावर जावे, रस्त्यापलीकडे चावडीत जावे असा.

"पहाटच्या पारी, जातं घुमतं जोरात,
आवडा आत्या माझी... जागी हाय घरात!"

सोप्यात काहीतरी पडून फुटले. माळवदावर पावले धावली. द्वारकेने पुन्हा म्हटले. आणि पुन्हा. जाते जड होते, तरी तिला ओढायला जड जात नव्हते. पलीकडून अर्धा फेरा कुणीतरी ओढून देत होते. भीती नव्हती असे नाही. दात वाजत होते. पण वाजणाऱ्या दातांतूनही ओवी म्हणता येते, हे तिला त्या पहाटे समजले. मध्ये एकदा तिने डोळ्यांवर आलेला घाम पुसायला दोन्ही हात काढले.

जाते फिरतच होते.

उजाडले तेव्हा दारात तात्यासाहेब उभे होते. डोक्याला पागोटे नव्हते. त्यांच्या मागे साळू, आणि अंगणात हळदीसाठी आलेल्या बायका. आवाज अख्ख्या आळीने ऐकला होता. जाते आता थांबले होते. द्वारकेचे केस पिठाने पांढरे झाले होते.

तात्यासाहेबांनी हळूच विचारले, "म्हनलीस का... थांब?"

"नाही."

"मंग?"

"मग ऐका, तात्या." ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच बोलली. "हळद याच जात्यावर दळायची. जातं मांडवात जाणार नाही, बायका इथं येतील. पहिलं मूळ आत्याला. नुसतं बोलून नाही, गाऊन. आणि कुणी विचारलं ही कोण, तर कोण ते सांगीन, कशी राहिली तेही सांगीन. वळकटी खुशाल मोटारीवर टाका, मी उतरून चावडीपुढं बसून गाईन. वेशीची जागा तुमची तुम्हाला. शाळा मी त्याच चावडीत भरवीन. वर्ध्याला आता जायची नाय मी."

"लगीन मोडंल," तात्यासाहेब म्हणाले. पण तो आवाज सुपारी कातरणाऱ्या माणसाचा नव्हता. "नवरदेवाकडली औरंगाबादची मानसं हायती..."

"मोडू द्या," साळू म्हणाली. ती उंबरा ओलांडून आत आली. "पहिला हात माझा."

तात्यासाहेब बाजूला झाले. लक्ष्मीबाईंनी आपल्या उसन्या जात्याचा डहाळा सोडून आणला आणि या खुंट्याला बांधला. बांधताना पुटपुटल्या, "आवडाबाई, मी शेजारीन. मीबी ऐकत ऱ्हायले आन् गप बसले. पोटात घ्या." सरूकाकी शेवटी आली. द्वारकेसमोर, अकरा वर्षांनी पुन्हा त्या जात्यावर बसली, आणि बसताना जरा सरकून बसली, शेजारी आणखी एकीला जागा ठेवावी तशी.

द्वारकेने सुपातून हळकुंड उचलले. पहिला घास टाकायला ती जात्याच्या तोंडावर वाकली आणि तिचा हात वरच राहिला.

ते तोंड तिने स्वतः कोरून, पदराने पुसून रिकामे केले होते. साऱ्या पहाटेत तिने त्यात एक दाणा टाकला नव्हता. घरात यंदा बाजरी नव्हतीच, फक्त ज्वारी होती. आता त्या तोंडात मूठभर बाजरी होती. टपोरी, हिरवट, नव्या सुगीची. नुकताच टाकलेला घास.

तिने वर पाहिले. काकीचे दोन्ही हात खुंट्यावर होते. साळूचेही.

द्वारकेने हळकुंड सुपात परत ठेवले. आधीचा घास दळायचा राहिला होता. तिने खुंटा धरला.